वाल्टभाऊची थंडी

थंडी लागली की कोहक्यातल्या आमच्या अंगणात मी खाटेवर जुनी चादर अंथरतो आणि तिच्यावर माणसं वाळत घालतो. पुठ्ठ्याच्या कार्डांवर छापलेली, पत्त्यांपेक्षा जराशी मोठी, कोणे एके काळी अमेरिकेत फुटबॉल खेळलेली माणसं. पावसाळ्यात भिलाईची दमट हवा पुठ्ठ्यात शिरते, कडा फुगतात आणि कार्डांना वास येऊ लागतो. बुरशीचा वास, आणि त्याच्या तळाशी कुठंतरी फार जुन्या, गोड च्युइंगगमचा. ही कार्डं पूर्वी तिकडे गमच्या पाकिटातून निघत. काहींच्या पाठीवर त्या गमचा चौकोनी डाग अजून आहे. ज्या मुलानं ते गम चघळलं तो आता म्हातारा असेल, किंवा नसेल.

तिकडचा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. चेंडू लांबट, पपईसारखा. तो पोटाशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर येऊन पाडायचं. डोक्याला हेल्मेट, खांद्यांना गाद्या. मी हा खेळ आजवर एकदाही पूर्ण पाहिलेला नाही. पण ही माणसं मला ओळखीची झाली आहेत.

त्यांच्यातली एक गोष्ट पहिल्या नजरेला जाणवत नाही. फोटोत ती धावतायत, वाकलीयत, एक हात पुढे रोखून कोणाला तरी अडवतायत. पण समोर कोणीच नसतं. खेळ नसताना, रिकाम्या मैदानावर, एकेकाला उभं करून काढलेले हे फोटो. मागे नुसतं गवत, नाहीतर नंतर रंगवलेलं सपाट पिवळं आभाळ. बहुतेकांची नजर कॅमेऱ्याकडे नसते. ती पाहणाऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे गेलेली असते. उन्हात बसून कार्डं पुसताना मी अजूनही मध्येच मागे वळून पाहतो. मागे शेजाऱ्यांचं मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड असतं, त्याच्या शेंगा हलत असतात, बाकी काही नसतं.

एकाचा पुढचा दात पडलाय आणि तो तरीही तोंडभर हसतोय. एका कार्डावर छपाईत रंग सरकला, त्यामुळे त्या बिचाऱ्याला डोळ्यांच्या दोन जोड्या आहेत, एक जराशी खाली. त्याच्याकडे मी फार वेळ पाहत नाही. एकाला कोण्या पोरानं पेन्सिलीनं मिशी काढलीय, आणि त्या मिशीमुळे तो इथल्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या, सेक्टर दोनमधल्या कोणत्याही ब्लॉकमधून डबा घेऊन फर्स्ट शिफ्टला निघालेला माणूस वाटतो. त्यांची नावं मी इंटरनेटवर शोधतो. कोणी पुढे विमा विकला, कोणी शाळेत शिकवलं, कोणी बापाच्या शेतावर परत गेला. बरेच गेले. आणि बऱ्याच जणांच्या माहितीत शेवटी तेच येतं, की अखेरच्या वर्षांत त्यांना काही आठवत नव्हतं. डोक्यावर डोकं आपटायचा खेळ. ज्यांना घरचे लोक आठवेनासे झाले त्यांचे चेहरे मी, ज्यानं त्यांचा खेळ कधी पाहिला नाही असा एक माणूस, कोहक्याच्या उन्हात जपून उलटेपालटे करतो.

आताची पुष्कळशी कार्डं माझी बहीण शीतल तिकडच्या जुन्या बाजारांतून मिळतील तशी पाठवते. पण पहिला डबा बाबांनी आणला. बाबा जाऊन आता काही हिवाळे झाले. मी सांगतो तो त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यांपैकी एक.

बाबा त्या कारखान्यात कोक ओव्हनला, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर होते. भंडाऱ्याकडच्या, वैनगंगेच्या काठच्या गावातून तरुणपणी भिलाईला आले, सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये आम्हा भावंडांना वाढवलं, रिटायर झाल्यावर कोहक्याला हे घर बांधलं. बोलणं कमी. दुःखाबद्दल तर काहीच नाही. आई गेली तेव्हाही त्रिशरण-पंचशील म्हणून झाल्यावर ते उठले आणि टाकीत पाणी चढलं का ते पाहायला गच्चीवर गेले. त्यानंतरच्या वर्षी शीतलनं हट्टानं त्यांना काही महिने अमेरिकेत आपल्याकडे नेलं.

ती राहते ते गावही पूर्वी पोलादाचं होतं. आता तिथला कारखाना बंद आहे. चिमण्या उभ्या आहेत, धूर नाही. शीतलच्या शेजारच्या घरात वाल्ट नावाचा म्हातारा आणि त्याची बायको रूथ राहत. वाल्ट तरुणपणी एकच हंगाम मोठ्या संघातून फुटबॉल खेळला, मग गुडघा गेला, आणि उरलेलं आयुष्य त्यानं त्या कारखान्यात भट्टीवर काढलं. बाबा पोचले तेव्हा त्याला विसर पडायला सुरुवात होऊन बराच काळ झाला होता.

"दादा, बाबा रोज त्या म्हाताऱ्याच्या पोर्चवर जाऊन बसून राहिले," शीतल फोनवर म्हणाली होती.

"बोलतात काय?"

"बाबा मराठीतून बोलून राहिले, तो इंग्रजीतून. दोघंही मान हलवतात. मी गेली की दोघं चूप."

बाबांचं इंग्रजी प्लांटपुरतं होतं. शिफ्ट, क्रेन, ब्रेकडाउन, सेफ्टी. वाल्टला मराठी कुठून येणार? तिकडे तेव्हा पानगळीचे दिवस होते. झाडं लाल होऊन एकाएकी रिकामी होत, आणि त्या पानांच्या ढिगांकडे पाहत हे दोघं संध्याकाळपर्यंत बसत. एकदा शीतल चहा घेऊन गेली तर वाल्टच्या हातात एक कार्ड होतं. त्याचं स्वतःचंच, त्या एका हंगामातलं. रुंद खांद्याचा, बारीक केसांचा, बावीसेक वर्षांचा पोरगा, एक गुडघा टेकून बसलेला. वाल्ट त्याच्यावर बोट ठेवून विचारत होता की हा मुलगा कोण.

"तूच ना बाप्पा," बाबा म्हणत होते. "तूच हायस हा. पाह्य ना नीट."

रूथनं नंतर सांगितलं की हे रोज चालायचं. वाल्ट रोज विचारायचा आणि बाबा रोज सांगायचे, एकदाही न कंटाळता. बाबा निघाले त्या सकाळी वाल्टनं आपला कार्डांचा पत्र्याचा डबा त्यांच्या मांडीवर आणून ठेवला. त्यात तेही कार्ड होतं. बाबांनी नको नको म्हटलं तर रूथनं तो स्वतःच्या हातानं त्यांच्या बॅगेत भरला. तेव्हा तिकडे अजून बर्फ पडायचा होता. मी हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं त्याला फार अर्थ आला. बाबांनी आयुष्यात कधी बर्फ पाहिला नव्हता.

बाबा परत आले आणि आमच्याकडे थंडी लागली. त्या वर्षी धुकं फार होतं. सकाळी फाटकातून बाहेर पाहिलं की समोरचं घर नसायचं. मग हळूहळू आधी त्याची टाकी यायची, मग गच्ची, मग भिंती. प्लांटकडून येणारा कोळशाचा वास धुक्यात अडकून राही. संध्याकाळी तिकडे स्लॅग, म्हणजे भट्टीतला वितळलेला मळ, ओतला की अख्खं धुकंच आतून तांबडं व्हायचं. बाबा अंगणात खाटेवर बसत, पुढ्यात कार्डं मांडत आणि त्यांच्याकडे नुसते पाहत.

"काय पाहून राहिले बाबा?" माझी बायको वंदना विचारी.

"पोरं हायत," ते म्हणत. "वाल्टभाऊच्या कामावरचे."

आधी शब्द जाऊ लागले. तांब्या म्हणायचं असे आणि हात नुसता हवेत गोल फिरे. मग माणसं. वंदनाला ते आईच्या नावानं हाक मारू लागले आणि ती ओ देऊ लागली. मला मात्र ते अजून मिलिन म्हणत. मिलिंदचं मिलिन फक्त आमच्या घरात होतं, आणि रोज सकाळी मी चहा घेऊन जाताना माझं लक्ष तेवढ्याकडेच असे, की आज मिलिन म्हणतात की नाही.

एका सकाळी खाट रिकामी होती. फाटक उघडं. धुक्यात मी स्कूटर काढली आणि सुपेलाकडून सेक्टरांकडे निघालो. सेक्टर दोनमध्ये आमच्या जुन्या क्वार्टरसमोर ते उभे होते, पायात चप्पल नाही. एक पाय पुढे, अंग किंचित वाकलेलं, एक हात छातीशी आणि दुसरा समोर रोखलेला. समोर कोणीच नव्हतं. आता त्या क्वार्टरमध्ये राहणारी बाई दाराशी हातात कप घेऊन उभी होती.

"भैया, कितनी देर से ऐसे ही खड़े हैं," ती म्हणाली. "चाय दी, तो देखा भी नहीं."

मी त्यांच्या पुढे केलेल्या हाताला हात लावला. तो कडक होता, दाराच्या कडीसारखा. हळूहळू तो खाली आला.

"बाबा, कोणाले थांबवून राहिले?"

"जाऊ द्यायचं नाई त्याले," ते म्हणाले. कोणाला, ते सांगितलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते घडलं. ऊन नुकतं अंगणात उतरलं होतं. बाबांच्या हातात वाल्टचं कार्ड होतं. मी शेजारी बसलो होतो. त्यांनी कार्ड माझ्याकडे वळवलं आणि त्या गुडघा टेकलेल्या पोरावर बोट ठेवलं.

"हा मी," ते म्हणाले.

"हा वाल्टभाऊ, बाबा."

"मी हाय," ते शांतपणे म्हणाले, जसं आपण चुकलेल्या मुलाला समजावतो. "बर्फ पडून राहिला होता त्या दिवशी. जमीन लोखंडासारखी. पडलो का तोंडातून रक्त, अन् ते बर्फावर पडलं का लगेच काळं. मैदान दिसेना. रेघा झाडूनं झाडत होते."

आत वंदना भाकरी थापत होती, तो आवाज थांबला.

"माय आली होती. न सांगता. हिरवा कोट घालून. पार वरच्या पायरीवर उभी. दिसली मले."

"मग?"

"हात केला तिनं. मी नाई केला." त्यांनी कार्ड उलटं केलं, पाठ पाहिली, परत सुलटं केलं. "पोरं हासले असते. तिले वाटलं, याले दिसलीच नाई मी. मरेपर्यंत तिले तसंच वाटलं. मीबी नाई सांगितलं."

माझी आजी वैनगंगेच्या काठी नऊवारी नेसून धान रोवणारी बाई होती. तिनं हिरवा कोट घातला नव्हता. बाबांनी बर्फ पाहिला नव्हता. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी खोटं नव्हतं. मला थंडी वाजली. कार्ड त्यांच्या हातातून काढून घ्यावंसं वाटलं, आणि घेतलं नाही.

आमची सकाळ ती त्यांची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी मी शीतलला फोन लावला आणि बाबांनी सांगितलं तसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली टीव्हीवर पाह्यलं असेल काही, भरकटलं असेल डोकं. तरी ती रूथकडे गेली. मग कितीतरी वेळानं तिचा फोन आला, आणि तिचा आवाज वेगळा होता.

"दादा, रूथ तिथंच होती त्या दिवशी. वाल्टच्या आईच्या बाजूलाच उभी होती. तेव्हा लग्न नव्हतं झालं त्यांचं. बर्फ होता. हिरवा कोट होता. आईनं हात केला ते रूथले आठवते. पण वाल्ट तिलेबी आयुष्यभर हेच म्हणत आला का मले दिसलीच नाई. त्याले दिसली होती हे तिले आज समजलं. आपल्या बाबांकडून."

"त्यानं पोर्चवर सांगितलं असेल बाबांले."

"इंग्रजीतून? बाबांले?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग शीतल म्हणाली, "अजून एक हाय. आपल्या घरात मधू कोण होतं?"

"कोणी नाई. कावून?"

"वाल्ट खिडकीत बसून दिवसभर हाका मारून राहिला. मधू, मधू. रूथले वाटे काहीतरी बडबड हाय. पण मी आज कानानं ऐकलं, दादा. ते नावच हाय. आपल्यासारखं."

माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण सखूबाई, कुरुदला राहते. पूर्वी ते खेडं होतं, आता भिलाई तिच्या दारापर्यंत आली आहे. तिच्या घराच्या एका अंगाला चार मजली इमारत आणि दुसऱ्या अंगाला अजून तिवऱ्याचं, म्हणजे लाखोळीच्या डाळीचं, शेत आहे. मी गेलो तेव्हा ती पायरीवर बसून तिवऱ्याची भाजी निवडत होती. मी पाणी प्यालो, बाबांची तब्येत सांगितली आणि मग विचारलं.

"आत्याबाई, मधू कोण?"

तिचे हात थांबले. भाजीतला एक देठ तिनं उचलला, तसाच धरून ठेवला.

"तुह्या बापानं, दौलतनं सांगितलं तुले?"

"नाई."

"मग कोणी सांगितलं? सांगणारं कोणी उरलं नाई."

मी तिला खरं ते सांगितलं. अमेरिका, पोर्च, म्हातारा. तिला त्यातलं किती कळलं माहीत नाही, पण तिला नवल वाटलं नाही, हे मला आठवतं. ती भाजीकडे पाहत बोलू लागली.

"दौलतच्या पाठचा होता मधू. माह्या आधीचा, मी तेव्हा चारेक वर्षांची. सहा-सात वर्षांचा असंल. दौलतच्या मागं मागं फिरे. थंडीचे दिवस होते, धुकं होतं असंच. हे दोघं नदीवर आंघोळीले गेले. दौलतनं हात धरला होता त्याचा. पाणी ओढीचं निघालं. हात सुटला." तिनं देठ मोडला. "धुक्यात दिसे नाई काही. दौलत काठावर उभा राहून हाका मारत होता. मधू, ए मधू. गावातले लोक आले, तरी हाका चालूच. दिवस बुडेपर्यंत. मग आवाज बसला त्याचा. अन् त्यानंतर त्यानं ते नाव कधी घेतलं नाई. मायनं कोणाले घेऊ दिलं नाई. तुह्या आईलेबी ठाऊक नसंल."

"हात सुटला," मी म्हणालो.

"लेकरूच होतं दौलतबी. दहा वर्षांचं लेकरू." ती पहिल्यांदा माझ्याकडे पाहत म्हणाली. "त्यात त्याचा काय दोष?"

परत येताना स्कूटरवर मी तेच घोळवत होतो. साठाहून जास्त वर्षं माझ्या बापानं एक नाव तोंडात दाबून ठेवलं. बायकोजवळ काढलं नाही, पोरांजवळ काढलं नाही. आणि मग समुद्रापलीकडे, लाल पानांच्या ढिगासमोर, त्यांना असा माणूस भेटला ज्याला त्यांची भाषा कळत नव्हती आणि ज्याच्याजवळ काही टिकत नव्हतं. त्याच्याइतकी सुरक्षित जागा जगात दुसरी नव्हती. वाल्टलाही कदाचित बाबांबद्दल तसंच वाटलं असेल. दोघांनी आपापलं सगळ्यात जड तेवढं एकमेकांजवळ ठेवलं. त्या रिकाम्या होत चाललेल्या घरांत बाकीचं सगळं गेलं आणि नेमकं दुसऱ्याचं तेवढं उरलं. हे मी समजावून सांगतो खरा; पण एखाद्याचं बोलणं न समजता त्याचा हिरवा कोट कसा समजतो, ते मला कोणी सांगावं.

रूथचीच इच्छा होती की दोघांना एकमेकांना पाहू द्यावं. एका रविवारी सकाळी मी आत्याबाईला कुरुदहून घेऊन आलो. अंगणात धुकं होतं म्हणून आम्ही बाबांना आतल्या खोलीत बसवलं, मफलर गुंडाळला आणि मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून समोर ठेवला. तिकडे शीतलनं फोन धरला होता. वाल्टभाऊला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. कार्डावरचे खांदे खाली ओघळले होते. अंगावर लोकरीची शाल, मागे दिव्याचा पिवळा उजेड, खांद्यावर रूथचा हात. खिडकीबाहेर बर्फ पडत होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. वाल्ट आमच्या सगळ्यांच्या पलीकडे पाहत होता. बाबा डब्याकडे.

"बाबा, पाहा ना, वाल्टभाऊ आला," शीतल तिकडून म्हणाली. बाबा हलले नाहीत. रूथ वाल्टच्या कानाशी काही बोलली. तोही हलला नाही. मला वाटलं, झालं, उगाच केलं हे सगळं.

तेवढ्यात वाल्ट म्हणाला, "माडू."

आत्याबाईनं माझा दंड धरला.

त्यानं पुन्हा हाक मारली, या वेळी मोठ्यानं, शेवटचा स्वर लांबवून आणि वर उचलून. माडूऽऽ. नदीच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जावं म्हणून आमच्या गावाकडे अशी हाक मारतात. तो स्वर कोणत्याही इंग्रजी गळ्यात आपसूक उगवत नाही. तो त्याला कोणीतरी दिला होता.

बाबांची मान वर झाली. पाठ सरळ झाली. चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, आणि जो आवाज निघाला तो मी कधी ऐकलेला नव्हता. बारीक, किंचित धाप लागलेला.

"ओ दादा," बाबा म्हणाले. "आलो ना. इकडंच तर होतो."

वाल्टचं तोंड उघडं राहिलं. मग ते मिटलं. तो खुर्चीत मागे टेकला आणि त्यानं डोळे मिटून घेतले, दिवसभराचं काम संपल्यावर माणूस मिटतो तसे. रूथ विचारत होती, ते काय म्हणाले, काय म्हणाले. शीतलनं तिला इंग्रजीतून सांगितलं आणि सांगता सांगता तिचा हात खाली गेला. आम्हाला कितीतरी वेळ त्यांच्या घराचं नुसतं छत दिसत राहिलं.

माझ्या शेजारी आत्याबाईनं पदर तोंडाशी धरला होता.

"हे दौलतचं बोलणं नाई, मिलिन," ती हळूच म्हणाली. "मधू असाच म्हणे. कुठूनबी बोलावलं का, इकडंच तर होतो."

त्या दिवसानंतर वाल्टभाऊनं ती हाक मारली नाही. शीतल सांगायची, तो खिडकीत बसतो पण गप्प, पाहुणा घरी येऊन पोचल्यावर घर जसं निवांत होतं तसा. तिकडचा बर्फ वितळायच्या आधी तो झोपेत गेला. आम्ही बाबांना सांगितलं नाही. त्या सकाळी मी त्यांच्या हातात त्याचं कार्ड दिलं, काय म्हणतात ते पाहावं म्हणून. त्यांनी ते उलटं धरलं, सुलटं धरलं.

"कोण हाय हा?"

"वाल्टभाऊ, बाबा."

"असंल," ते म्हणाले आणि कार्ड चादरीवर ठेवून दिलं. बर्फ गेला होता. हिरवा कोट गेला होता. ज्याचं होतं त्याच्याबरोबर ते परत गेलं असावं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण बाबांकडे त्यांचं स्वतःचं काही परत आलं नाही. आलं ते दुसऱ्याचंच, आणि तो दुसरा आता आमच्या घरात राहू लागला.

ते कमी खाऊ लागले, पण गूळ मागू लागले. अंधार पडू लागला की माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहत. रस्त्यानं चालताना दोन पावलं मागे चालत आणि माझ्या सदऱ्याची कड धरत. डॉक्टरांनी या आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि ते बरोबरच होतं. आत्याबाई दर आठवड्याला येऊन त्यांच्याजवळ बसे. ती त्यांच्याहून धाकटी, पण ती त्यांच्या डोक्यावरून हात फिरवी आणि ते फिरवू देत. तिनं ज्या भावाला लहानपणानंतर कधी पाहिलंच नव्हतं, त्याच्याजवळ ती बसली आहे असं मला वाटे, आणि मग मी ते मनातून झटकून टाकी.

मिलिन हे नाव त्यांच्या तोंडून कधी गेलं ते मला नेमकं सांगता येणार नाही. एका सकाळी मी चहा घेऊन गेलो तर ते माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "दादा." मी दुरुस्त केलं. ते हसले. दुसऱ्या दिवशीही दादा. तिसऱ्या दिवशी मी दुरुस्त केलं नाही. वंदना मला म्हणाली, "वाईट नका वाटून घेऊ." वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण ज्या विश्वासानं ते दादा म्हणत, तसा विश्वास माझ्या बापानं माझ्यावर आजवर कधी टाकला नव्हता.

त्यांना पाण्याची भीती वाटू लागली होती. जन्मभर थंड पाण्यानं आंघोळ करणारा माणूस बादली दिसली की भिंतीला पाठ लावून उभा राही. थंडी सरत आली होती. एका सकाळी मी पाणी कोमट केलं, त्यांना मोरीत पाटावर बसवलं आणि समोर उकिडवा बसलो. वाफ दाराबाहेर जात होती आणि बाहेरच्या धुक्यात मिसळत होती.

"दादा, पाणी लय हाय का?"

"नाई. बादलीभर हाय."

"ओढते का?"

"नाई ओढत."

त्यांनी माझं मनगट धरलं. कोक ओव्हनवर आयुष्य काढलेली जाड, डागलेली बोटं, पण पकड लहान लेकराची, सगळी ताकद लावलेली.

"हात नको सोडू."

मी दुसऱ्या हातानं तांब्या भरला. त्यांनी डोळे घट्ट मिटले.

"नाई सोडत, मधू," मी म्हणालो, आणि पाणी हळूच त्यांच्या खांद्यावर ओतलं.